पाच पानांची पंगत

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची बोरिवलीला! छत्तीस वर्षं इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये काढल्यावर स्वतःचं दार स्वतःच्या किल्लीने उघडताना मी चक्क गुणगुणत होते. तिसरा मजला, लिफ्ट चालू, चर्च चालत सात मिनिटं. हमालांनी शिलाई मशीन उलटं ठेवलं. त्यांना मेट्रनचा आवाज ऐकवला, मग बाकीचं सामान फुलासारखं वर आलं. खालच्या मजल्यावरच्या जयंती सावंत चहा घेऊन आल्या. सत्तरी पार केलेल्या, मूळच्या मालवणच्या. चहात साखर फार होती, पण बाई बऱ्या वाटल्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

चर्चच्या हॉलमध्ये बायकांचं शिवणमंडळ आहे, त्यात नाव घातलं. प्रत्येकीने बायबलमधलं एक वचन घेऊन त्यावर चित्रांची गोधडी शिवायची. १ डिसेंबरला प्रदर्शन, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या गोधड्या बालकाश्रमात जाणार, थंडीत मुलांना पांघरायला. कल्पना चांगली, अंमलबजावणी दर्शनाची. ही दर्शना मंडळाची प्रमुख. उत्साह उतू जातो, पण घड्याळाशी वैर. चारची सभा पावणेपाचला सुरू केली. अकरा बायकांपैकी सात जणींनी मेंढरं निवडली. मुंबईत जन्म काढलेल्या या बायकांनी मेंढरू शेवटचं कधी पाहिलं होतं देव जाणे.

मी भुकेल्यांचं वचन घेतलं. भुकेल्याला दिलेला घास देवाला पोहोचतो, ते. ते मला जन्मभर पाठ आहे, कारण कॉन्व्हेंटमध्ये ते म्हणताना चुकले म्हणून सिस्टरने माझा डबा काढून घेतला होता. भुकेल्याला अन्न द्या, हे मी सहा वर्षांची असताना उपाशीपोटी पाठ केलं. यातला विनोद सिस्टरला कळला नाही. मला कळायला चाळीस वर्षं लागली.

चित्र ठरलं: पंगत. पाच माणसं ओळीने बसलेली, पुढे पाच केळीची पानं, पाचही रिकामी. शेवटची लहान मुलगी. तिचा फ्रॉक माझ्या शाळेच्या निळ्या युनिफॉर्मचा. आईने ते कापड जपून ठेवलं होतं.

दर्शनाला पानांवर पांढऱ्या दोऱ्याचा भात हवा होता. जरा "पॉझिटिव्ह" दिसेल म्हणे. मी सांगितलं, भात असता तर ती माणसं भुकेली कशाला असती?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गोधडी संपली. टाके इतके सारखे की आमचे सर्जन लाजले असते. शेवटचा कोपरा मिटवायच्या वेळी जयंतीबाई वर आल्या आणि ओरडल्याच, "थांब गो बाय! तिच्या पोटात मूठभर तांदूळ घाल. उपाशी ठेवू नको." त्यांच्याकडे म्हणे, जिने शिवली तिनेच आपल्या हाताने गोधडीला पहिला घास द्यायचा आणि मगच कोपरा शिवायचा. रीतच आहे.

कापडात धान्य! म्हणजे आठवड्याभरात पोरकिडे आणि महिन्याभरात उंदीर, आणि ते मुलांच्या अंगावर. मी छत्तीस वर्षं लोकांना ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं, एक गोधडी उपाशी राहिली तर काय बिघडतं? त्यांच्यादेखत कोपरा शिवून टाकला. बाई चहा न घेता गेल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अंगुस्तान सापडत नाही. बोटात घालायची ती पितळी टोपी, आईची. काल गोधडीवर ठेवली होती.

दुपारी उजेडात गोधडी पसरली, तर पहिल्या पानावर बारीक पिवळ्या दोऱ्याने भरलेलं अंगुस्तान. नक्षीसकट. दर्शनाकडे हॉलची किल्ली आहे, माझ्या घराची नाही. मग हा आगाऊपणा कोणी केला? फोनवर ती म्हणाली, मॅडम, तुम्हीच भरलं असेल, विसरला असाल. मला विसराळू म्हणणारी अजून जन्मायची आहे. उसवायला गेले. टाका काही केल्या सुटेना.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचा पाव बशीत घेऊन गोधडीशेजारी बसले होते. बेल वाजली, दूधवाला. परत आले तर बशी तिथेच, पाव नाही. दुसऱ्या पानावर पाव. वरची करपलेली बाजूसुद्धा तपकिरी रेशमाने भरलेली.

आणखी एक. मी पाचही माणसांना सपाट पोटं दिली होती. पहिल्या दोघांची फुगली आहेत. हात लावून पाहिलं. गरम. तापातल्या पेशंटचं असतं तसं.

जयंतीबाईंकडे गेले. जायला नको होतं, पण गेले. विचारलं, कोपरा मिटल्यावर घास देता येतो का? त्या म्हणाल्या, असं विचारायची वेळ येईल इतकी शहाणी आमच्यात कधी कुणी झालीच नाही. टोमणा कळला. मग म्हणाल्या की घास शिवणारीचाच लागतो. दुसऱ्या कुणाचा ती मानायची नाही, नुसती चरत राहील.

२५ नोव्हेंबर, सोमवार

जाळायचं ठरवलं. मोरीत ठेवून काडी ओढायची होती. पेटी गोधडीवर टेकवली, एवढंच. ती आता तिसऱ्या पानावर आहे.

कचऱ्यात टाकणार होते. पण टाकलेली गोधडी कोण उचलतं हे मला ठाऊक आहे. ज्याच्या पोराला थंडी वाजते तो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीत कबूतर येतं ते. वैताग. हाकललं तर आत शिरलं आणि गोधडीवर बसलं.

मी पाहत होते. या वेळी पाहत होते. फडफडलं नाही. बुडालं. पाण्यात बुडावं तसं.

चौथं पान. राखाडी रेशीम, मानेवर हिरवी झाक. डोळा लाल टाक्याचा. तो टाका दुपारभर हलत होता —

एकच पान रिकामं. मुलीचं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दर्शनाला बोलावून सांगितलं की ही गोधडी द्यायची नाही. ती ऐकतच नाही! पुस्तिकेत नाव छापून झालंय म्हणे. कबूतर बघून टाळ्या वाजवल्या, पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात येतो, तो ना मॅडम, किती बारीक काम! फोटो काढला. मी खरं ते सांगितलं. सगळं. तिने माझा हात थोपटला आणि विचारलं, एकट्या राहता ना तुम्ही?

छत्तीस वर्षं मी असेच हात थोपटले. आता कळलं कसं वाटतं.

म्हणाली, तुम्ही त्रास घेऊ नका, रविवारी अकराला मी स्वतः येऊन नेते. मंडळाची वस्तू आहे. आश्रमात अडीच वर्षांची एक मुलगी नवीन आलीय, तिला देऊ या.

३० नोव्हेंबर, शनिवार

मुलीने मान वळवली आहे. मी तिला समोर बघताना शिवलं होतं. आता दाराकडे बघते.

तो चेहरा मला माहीत आहे. डबा काढून घेतल्यावरचा.

शिजवलेला भात ठेवून पाहिला, वरण ठेवलं, साखर. ती कशालाच शिवत नाही. चमच्याने नको. बशीने नको. हाताने —

उद्या अकरा.

१ डिसेंबर, रविवार

दहा वाजता कोपऱ्याला कात्री लावली. गरजच नव्हती, टाके आपणच सुटले. मूठभर तांदूळ घेतले. इतका हट्ट कशासाठी केला मी? एका मुठीसाठी?

हात आत घातला. आत अस्तर नाही. ऊब आहे.

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट. सिस्टरने पट्टी मारली असती.

तिने तांदूळ घेतले. पाचव्या पानावर दाणे उमटताहेत, पांढऱ्या गाठी, एकेक. मुलीने मान वळवली. दाराकडून पानाकडे. देवा, जेवते आहे.

मूठ रिकामी. हात निघत नाही.

दाण्यांच्या बाजूला सोनेरी दोरा. माझी अंगठी. मग बोट. दुखत नाही, हे लिहून ठेवते, दुखत —

ओढला तर ती पुन्हा दाराकडे बघते. म्हणून ओढत नाही.

कोपरापर्यंत.

बेल. दर्शना. जन्मात वेळ पाळली नाही, आज नेमकी दहा मिनिटं आधी! दार नुसतं लोटलेलं आहे. ओरडून सांगायला हवं, थांब, आत येऊ नकोस, हात लावू नकोस, हिचं जेवण अजून