आणखी काही गोळ्या चालू आहेत का?

३ मार्च, सोमवार
डॉक्टरला काडीची लाज नाही. सुनेला टीबी निघाला, ते सांगून झालं. मग भर दवाखान्यात विचारतो, आणखी काही गोळ्या चालू आहेत का? बाकावर चार परके पुरुष कान टवकारून. सून तोंड उघडणार, तेवढ्यात मी कोपर मारलं. म्हटलं, काही नाही. त्याने तसं लिहून घेतलं. पाळणा थांबवायच्या गोळ्या म्हणजे काय औषध झालं? दुसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली, म्हणून घेते बापडी.

४ मार्च, सकाळी ७
औषधांचा डबा आजपासून माझ्याकडे. चौथी शिकलेय, पण अक्कल आहे. टीबीची गोळी सकाळी, ती दुसरी संध्याकाळी. दोघींची गाठच पडत नाही, तर भांडतील कशा?

९ मार्च
सुनेची लघवी लाल. मुलगा घाबरला. आजार बाहेर पडतोय, म्हटलं. सून म्हणते, आई, त्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांगून येऊ का? म्हटलं, मी मेले का? गेली भांडी घासायला.

२ एप्रिल
खोकला गेला. वजन दीड किलो वाढलं. माझं नाव कोणी काढत नाही.

१९ मे
उलट्या. औषधं उष्ण पडतात. पाळीही चुकली, अशक्तपणा दुसरं काय. गोळी एकही चुकलेली नाही. मी हातावर ठेवते, गिळेपर्यंत हलत नाही.

२६ मे
पट्टीवर दोन रेघा. पट्टी खराब असणार. दुसरी आणवली.
तीही खराब.

२७ मे
डॉक्टर म्हणाला, टीबीच्या गोळीपुढे ती गोळी चालत नाही. सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, निकामीच. म्हणून तर विचारलं होतं, आजी. कागद माझ्यापुढे सरकवला. "काही नाही." एवढं मला वाचता येतं.
मुलगा रस्ताभर पुढे चालत राहिला. सून घरी येऊन चप्पल काढताना म्हणाली, आई, मागच्या वेळी चार बाटल्या रक्त लागलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी हरत नाही.

२८ मे
उद्या मोठ्या हॉस्पिटलात. ठेवायचं की नाही, ठेवलं तर ही वाचेल का, सगळा विषय तिथे निघेल. मी बाहेर बसणार. हे मीच ठरवलंय, मला कोणी सांगितलेलं नाही. मुलाने मध्ये बोलायचं नाही. कितीही पुरुष बसलेले असोत, जे विचारतील त्याचं उत्तर सुनेनेच द्यायचं.