मले माता आलीच नव्हती, बाई

लाखनी, सोमवार

तीर्थरूप मोठ्या बाईले, म्हणजे अड्याळच्या चंद्रभागाबाईले, लहान भाऊ भैय्याजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुये गुडघे कसे आहेत? बाजारात अजून पायीच जाते काय? इकडे सारे मजेत, म्हणजे मी सोडून.

भैय्याजीले माता आली, म्हणजे कांजण्या झाल्या, ही खबर तुयापर्यंत पोचलीच असंल. माता-बिता काही आली नव्हती. मी भंडाऱ्याले कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन गालावरचा विळ्याचा वण लेझरनं सोलून आलो. (हास, पण पत्र खाली ठेवू नको.) कारण तूच आहे. माह्या पोरीच्या, तृप्तीच्या लग्नाले येत नाही म्हणून निरोप धाडला, अन् आमच्या घरवालीजवळ, कुंताजवळ बोलली का भैय्याच्या गालाकडे पाह्यलं का चार लोकांत बसवत नाही, मीच धानाच्या बांधीत टाकून ठेवलेल्या विळ्यानं त्याचं थोबाड बिघडलं. पन्नास वर्सं झाली, तरी तुयं हेच. म्हटलं, वणच काढून टाकतो, मग कशी येत नाही ते पाहू.

डॉक्टरीणबाई तृप्तीच्याच वयाची, मोठी गोड. काका, सुरकुत्याही काढू काय, म्हणून विचारलं. म्हटलं काढा, नांगर फिरवायचाच आहे तर अर्धं वावर काहून सोडायचं? तिथंच चुकलो. दुसऱ्या दिवशी थोबाड लालभडक, तिसऱ्या दिवशी खपल्या. ऊन नको, दाढी नको, हळद तर बिलकुल नको, असं बजावलं होतं, म्हणून दुपट्टा गुंडाळून आतल्या खोलीत पडलो. शेजारच्या निर्मलाबाईनं दारातून पाह्यलं अन् हातच जोडले. घंटाभरात दाराले निंबाच्या डहाळ्या लागल्या अन् घरातली फोडणी बंद झाली. साठीले आलेला माणूस सुरेख व्हायले गेलता, हे कोणत्या तोंडानं सांगू? (होतं तेही सोललेलं.) गप राहिलो. नऊ दिवस बिनफोडणीचं वरण खाल्लं. बायका येऊन पायावर गार पाणी ओतत. निर्मलाबाई तर मलेच देवी समजून सुनेची गाऱ्हाणी सांगे. मी एकदा नुसतं हं म्हटलं, तर सून माहेरी गेली. आता ते भांडण मिटवून राहिलो.

खपल्या पडल्या. सुरकुत्या गेल्या, कुंता म्हणते उकडलेल्या आलूसारखे दिसून राहिले. वण मात्र अर्धाच गेला.

तुया भाऊ,
भैय्याजी

ता. क. लग्नाच्या पाच दिवस आधी ये. आत्यानं पहिलं बोट लावल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं तृप्ती म्हणते.

आणखी ता. क. हे वर लिहायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी विळा तू बांधीत टाकला नव्हता. तू तो छपरात नीट खोचून ठेवलता. बोरं पाडायले मीच काढला, अन् पळताना त्याच्यावर पडलो. बाबानं तुले बदडलं तेव्हा मी भेलो अन् चूप बसलो. मग दर भाऊबीजेले तू वणावरून हात फिरवून रडे, अन् मले, खरं सांगतो, तुया तो लाड आवडे. लय वाईट केलं मी, बाई. तू ये, अन् साऱ्या मांडवासमोर मले एक थापड मार. उजव्या गालावर मार, डावा अजून कच्चा आहे.