बोरखेडीच्या खोलीची किल्ली

११ ऑगस्ट १९६१, शुक्रवार. मुंबई.
सुईणीचे विधेयकही आज मागे घेतले.
मंत्री फार चांगले बोलले. सन्माननीय सदस्यांची तळमळ सरकार जाणते. गावाने श्रमदानाने खोली बांधावी आणि सरकारने त्या गावाला शिकलेली सुईण द्यावी, ही कल्पना स्तुत्य आहे. योजना विचाराधीन आहे, तेव्हा आग्रह धरू नये. मी उभा राहिलो. "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर, सभागृहाच्या अनुमतीने मी माझे विधेयक मागे घेतो." हे वाक्य आता कागदाशिवाय म्हणता येते. बाके वाजली. शेजारचे सदस्य म्हणाले, छान निभावलेत.
मुलींच्या वसतिगृहाचे विधेयक असेच गेले. त्याआधी खेड्यातल्या शाळेत डॉक्टरने मुले तपासण्याचे. आपल्याच पक्षाचे सरकार, त्याच्याविरुद्ध मत मागायचे कसे? हे कारण खरे आहे. पण खाली बसताना मनात कारण नव्हते, बोरखेडी होती.

१४ ऑगस्ट, सोमवार. अकोला.
सकाळी माळ घेऊन बसलो. मणी पुढे जातात, मन मागे.
माघातल्या यात्रेत बोरखेडीच्या पारावर उभा राहून मीच म्हणालो होतो, खोली तुम्ही बांधा, कायदा मी आणतो. टाळ्या झाल्या म्हणून आणखी एकदा म्हणालो. सीताराम मिस्त्री दुसऱ्या दिवशीच दोरी घेऊन जागा आखायला लागला असे ऐकले. याने गावातली अर्धी घरे बांधली. आपल्या वस्तीचे बौद्ध विहारही त्यानेच उभे केले. नाल्याचा दगड, गावच्या बैलगाड्या, वस्तीतली माणसे आणि पाटलाकडची पोरे एका कामावर. एरवी एका विहिरीवर नसतात.
सौ.ला सांगितले, विधेयक झाले नाही. म्हणाली, "मंग तसं जाऊन सांगा न त्याईले. त्यात काय जीभ झडते?"
तिलाही पुरते सांगितले नाही. 'झाले नाही' आणि 'मी मागे घेतले' यांत फरक आहे.

१७ सप्टेंबर, रविवार. अमरावती.
सत्कार. शाल, श्रीफळ, हार. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझे कार्य वाचून दाखवले. शाळा तपासणीचे विधेयक आणले, वसतिगृहाचे आणले, सुईणीचे आणले. प्रत्येक 'आणले'ला टाळ्या. मी मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला.
उत्तरादाखल काय बोललो ते लिहवत नाही. जनताजनार्दन वगैरे.
खाली उतरलो तर सीताराम मिस्त्री. धुतलेली टोपी, हातात पिशवी. बोरखेडीहून अकोला, अकोल्याहून इथे, सगळा एसटीचा प्रवास करून आला होता. जयभीम झाला. पिशवीतून ओव्याची पुडी काढून दिली, घरच्या बांधावरची. म्हणाला, "साहेब, खोली झाली. फरशी घोटून काढली, आरशासारखी. पाटी लावली, तुमचं नाव टाकलं. कुलूप लावून किल्ली माझ्यापाशी ठेवली. तुमच्या हातानं उघडाची हाये. कायदा झाला न?"
आजूबाजूला दहा माणसे. खांद्यावर शाल.
मी म्हणालो, "काम चालू आहे, मिस्त्री."
तो हसला. येताना अकोल्यापर्यंत माझ्या जीपमध्ये त्याला घेतले. वाटभर मी डोळे मिटून झोपलेला. झोपलो नव्हतो.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. अकोला.
रहेमानभाईंच्या छापखान्यात. निवडणूक फेब्रुवारीत, उमेदवारांची नावे अजून ठरायची आहेत, तरी पत्रक आतापासून जुळवून ठेवावे असा पक्षाचा निरोप. मथळा: आमदारांचे कार्य, आरोग्य व शिक्षण. मुख्याध्यापकांचेच शब्द, फक्त ठसा जाड.
म्हटले, रहेमानभाई, ही सगळी मागे घेतली आहेत. तेही लिहायला हवे.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. आम्ही एका शाळेत शिकलो, हा एकच माणूस मला साहेब म्हणत नाही. "हे पा भाऊ, आनलं ते लिवलं. परत नेलं ते काहून लिवू? दुल्ह्याच्या वरातीत तलाक पढाचा का?"
कामगार हसले. मीही हसलो. पत्रकावर 'ठीक' लिहून सही केली.
ओवा अजून पिशवीतच आहे. सौ. विचारत होती कुठून आणला.

१५ ऑक्टोबर, रविवार. अकोला.
बोरखेडीहून माणूस. दसऱ्याला उघडायचे का? त्या दिवशी दौरा आहे असे सांगितले. दौरा नाही. मग म्हणे दिवाळीच्या पाडव्याला? बघतो म्हटले. माणूस चहा पिऊन गेला.
मनाशी ठरवले होते की वर्षअखेरपर्यंत सरकारची योजना निघेल, मग ताठ मानेने जाईन. खात्यात विचारले. तिथल्या गृहस्थांनी विचाराधीन हा शब्द माझ्याकडे असा परत केला की जणू माझाच विसरला होता.
देवापाशी मागणे मागायची आता लाज वाटते. नुसता बसतो.

१२ नोव्हेंबर, रविवार. अकोला.

सकाळी सीताराम मिस्त्री आला. एकटाच. ओसरीत बसेना, पायरीवर बसला. सौ.ने फराळाचे दिले, ते तसेच ठेवले. मग म्हणाला, "साहेब, माफी मांगाले आलो."
मला वाटले खोलीची भिंत वगैरे खचली.
दसऱ्यानंतर सुनेचे, गंगूचे, पोट दुखायला लागले. दिवस भरायचे होते. गावची म्हातारी दाई आली, तिने पाहिले आणि म्हणाली, मूल आडवे आहे, अकोल्याला न्या. गाडी जुंपली. गावाबाहेर येईपर्यंत गंगूला गाडीचा धक्का सोसेना. खोली तिथेच, गावाच्या तोंडाशी. तिला खोलीच्या ओट्यावर उतरवले. आडवे लुगडे धरले. दिवस मावळत होता.
मी विचारले, ओट्यावर? किल्ली तर तुमच्यापाशी होती.
"होती न. धोतराच्या गाठीत होती." मग म्हणाला, "पन साहेब, उद्घाटन झालं नोतं. पाटलाकडची मानसं उभी होती. मी उघडली असती तं म्हनले असते, मिस्त्रीनं साऱ्या गावाच्या घामाची खोली पयले आपल्याच घरासाठी उघडली. मंग उद्या त्यायच्या बाया तिथं आल्या असत्या का?"
मुलगी झाली. सकाळपर्यंत होती. गंगू वाचली.
"ओटा थोडा खराब झाला," तो म्हणाला. "आमी धुतला, घासला. डाग हाये जरासा. तुमाले दिसन, म्हनून आधी सांगाले आलो."
सौ. आत गेली. सीताराम उठला, पायरी हाताने झाडली आणि गेला.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
सुईणीच्या विधेयकाची सूचना थोडा मसुदा बदलून पुन्हा पाठवली. नागपूरचे अधिवेशन तोंडावर आहे. पाठवून बरे वाटले आणि त्या बरे वाटण्याची लगेच किळस आली. याने बोरखेडीत जाणे टळत नाही.
आई सांगे, तुझ्याआधी किती मुले होऊन गेली ते मोजू नये, देवाला मोजलेले आवडत नाही. म्हणून मोजली नाहीत. कोणीच मोजली नाहीत.

१९ नोव्हेंबर, रविवार. बोरखेडी. परत आल्यावर लिहितो.
जीप वेशीबाहेर सोडून चालत गेलो. तरी लेझीम आलेच. खोली चांगली आहे. फार चांगली आहे. खिडक्या उंच, हवा खेळती, न्हाणीला वेगळा उतार. सभागृहात मी तिचे वर्णन केले होते ते याच्यापुढे काहीच नव्हते. दारावर झेंडूचे तोरण. पाटीवर माझे नाव, खाली तारखेला जागा मोकळी. ओट्यावर डाग आहे. त्यावर रांगोळी काढली होती.
सीतारामने किल्ली ताटलीत ठेवून पुढे केली.
मी किल्ली उचलली आणि तेव्हाच बोललो, नाहीतर पुन्हा राहिले असते. म्हटले, कायदा झालेला नाही. सुईण बाई येणार नाही. सरकारने नाकारला असेही नाही. मत पडलेच नाही. मीच उभा राहून विधेयक मागे घेतले. ऑगस्टात. सत्काराच्या दिवशी मिस्त्रींनी विचारले तेव्हाही मला ठाऊक होते.
लेझीम थांबले. सीताराम घाईने म्हणाला, साहेबायच्या मागं किती काम राह्यते, होते कधी असं. मला सांभाळून घेत होता. पाटील म्हणाले, आता आलेच आहेत तर उद्घाटन उरकून घेऊ, नारळ आणला आहे. कोणी म्हणाले, बाई नाही तर उघडून काय गोदाम कराचं?
बायका भिंतीच्या कडेला होत्या. त्यातून एक पोरगी पुढे आली. वीस वर्षांची असेल नसेल. पदर नीट, आवाज चढलेला नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. सीतारामला, आपल्या सासऱ्याला, म्हणाली,
"मामाजी, मंग त्या दिवशी कुलूप कोनासाठी होतं?"
सीताराम खाली पाहत राहिला. ती घराकडे निघून गेली. तिच्यामागे एकेक बाई.
मी किल्ली सीतारामपुढे धरली. म्हटले, मिस्त्री, तुम्ही उघडा. हे आधीच तुमचे होते. त्याने हात मागे घेतले. "मले नाही होत साहेब आता."
नारळ तसाच राहिला. किल्ली माझ्या कोटात आली.

२७ नोव्हेंबर, सोमवार. नागपूर.
विधेयक शुक्रवारच्या कामकाजात लागले. आज मंत्र्यांकडून माणूस आला. गोड बोलला. आश्वासन या वेळी अधिक ठोस असेल, 'लवकरात लवकर' हे शब्द घालतील. मी नेहमीप्रमाणे मागे घेईनच, असे गृहीत धरतो म्हणाला. जाताना दारात थांबून सहज सांगितले की उमेदवारांची यादी शनिवारी दिल्लीला जाते.
मतदान मागितले तर हरणार हे नक्की. आपल्या बाजूचा एकही हात वर होणार नाही. तिकीटही जाईल. त्याने बोरखेडीला बाई मिळेल असेही नाही. मागे घेतले तर पुढे पाच वर्षे काहीतरी करता येईल. हेच गेल्या वेळी म्हटले, त्याच्या आधीच्या वेळीही.

२९ नोव्हेंबर, बुधवार. नागपूर.
सौ.चे पत्र. घरचे सगळे बरे. शेवटी एक ओळ: तो ओवा मी बाळंतिणीसाठी परत बोरखेडीले पाठवला. रागावू नका.

३० नोव्हेंबर, गुरुवार. नागपूर.
रहेमानभाईंना फोन लावला. म्हटले, पत्रक तसे छापू नका. प्रत्येक 'आणले'पुढे 'मागे घेतले' घाला. मग म्हणाले, "पक्षवाले माह्या मशिनीवर येऊन बसतीन." म्हटले, सही माझी आहे. म्हणाले, "ठीक हाये. पन शेवटच्याचं काय? ते तं उद्या हाये न. त्याच्यापुढं काय घालू?"
म्हटले, जागा ठेवा.
"भाऊ," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

१ डिसेंबर, शुक्रवार. नागपूर. सकाळ.
स्नान. देवापाशी बसलो. आज माळ घेतली नाही, किल्ली समोर ठेवली. मागणे काही सुचले नाही.
ते वाक्य मनात आपोआप सुरू होते. मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर, सभागृहाच्या. दोनदा अर्ध्यावर थांबवले. तिसऱ्यांदा पूर्ण झाले.
दुसरे वाक्य, 'मी मतदानाची मागणी करतो,' मोठ्याने म्हणून पाहिले. आवाज ओळखीचा वाटला नाही. शेजारच्या खोलीतले सदस्य दारावर टकटक करून विचारून गेले, काही हवे आहे का.
नको म्हटले.
किल्ली कोटाच्या आतल्या खिशात. बसताना टोचते. तशीच असू दे. दुपारी नाव पुकारतील.