ब्लाउजपीसच्या घडीतलं मेमरी कार्ड

तुकोगंज, इंदूर
मंगळवार

ती. वसुधाताईस, धाकट्या शरदचा तुझ्या गुडघ्यांना धक्का न लावता केलेला साष्टांग नमस्कार.

इथे पंधरा दिवस राहून नागपूरला परतलीस, त्या प्रवासाने गुडघे फार धरले नाहीत ना? भावोजींची साखर कशी आहे? इकडे सगळे बरे आहेत, फक्त श्रिया बापाशी बोलत नाही. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि भावोजी मधून सल्ले देतात.

श्रियाच्या साखरपुड्याचे फोटो मी काढले, हे तू पाहिलंसच. घरात डिजिटल कॅमेरा असताना फोटोग्राफर कशाला, असं मी सगळ्यांना समजावलं होतं (रमा म्हणते, धमकावलं होतं). ते चारशे बारा फोटो नखाएवढ्या मेमरी कार्डावर आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. आमचा मानस म्हणत होता, बाबा, लॅपटॉपवर कॉपी करू. मी म्हटलं, मौल्यवान वस्तूच्या कॉप्या काढायच्या नसतात, ती जपून ठेवायची असते. मग कार्ड काढून कागदात गुंडाळलं आणि घरातली सर्वांत सुरक्षित जागा निवडली, ती म्हणजे रमाच्या कपाटातली ओटीच्या ब्लाउजपीसांची चळत. ओटीत आलेला ब्लाउजपीस कुणी शिवून अंगात घातल्याचं मी साठ वर्षांत पाहिलेलं नाही. ज्या कापडाला कात्रीच लागणार नाही, त्याच्या घडीत कार्डाला कसला धोका?

माझं चुकलं ते इथेच. ब्लाउजपीस कुणी शिवत नाही हे खरं, पण तो घरात मुक्कामालाही राहत नाही. परवा देवासहून विहीणबाईंचा फोन आला, फोटो कधी पाठवताय? मी कपाट उघडलं तर कार्ड ठेवलेला वरचाच मोरपिशी ब्लाउजपीस गायब. रमाने तो मल्हारगंजच्या शशिकलावहिनींच्या ओटीत घातला होता.

तडक तिथे गेलो. वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, तो तर शिवला मी. क्या मस्त फिटिंग आली." दाखवा म्हटलं तर धोब्याकडे दिलाय. धोबी कोणता, तर पोहे आले. दुसऱ्या प्लेटीला कबूल झाल्या की मंजुषाला दिला. आपली मामेबहीण मंजुषा राहते खजरान्यात. तिनेही तो शिवला होता, घातला होता आणि तिच्या सासूला आवडलाही होता. तिथल्या देवळात गणपतीसमोर चल आणि सांग म्हटल्यावर मात्र हळूच म्हणाली, "दादा, सच बोलू? ताई नागपूरला निघाली तेव्हा तिच्याच ओटीत घातला." आपल्या घरातल्या बायका तेच वीस-पंचवीस ब्लाउजपीस वर्षानुवर्षं एकमेकींना देतात आणि दर वेळी "अगं, कशाला एवढं" म्हणतात. एवढी चोख वाहतूक सरकारलाही जमत नाही.

थट्टा पुरे. त्या कार्डावर आई श्रियाची दृष्ट काढतानाचा फोटो आहे. आईचा हात आता फार थरथरतो, लग्नात तिला जमेलच असं नाही. पोरगी त्या एका फोटोसाठी रडली आणि मला तिच्याकडे बघवेना.

तुझा,
शरद

ता. क. : मोरपिशी ब्लाउजपीस उघडून बघ आणि कार्ड कुरिअरने पाठव. तू तो शिवलेला नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा संकोच नको.

ता. क. २ (हा कागद वेगळा जोडतोय, वरचं पत्र मुलं वाचतील) : कार्ड जपण्यासाठी ठेवलं नव्हतं, लपवलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी माझ्याकडून कुठलंतरी बटण दाबलं गेलं, आणि पाहुणे गेल्यावर मी रमाजवळ मन मोकळं केलं त्याची आठ मिनिटांची क्लिप त्यावर आहे. तेवढीच कशी पुसायची ते मला येत नाही आणि मुलांना विचारायची सोय नाही. तेव्हा पाठवण्याआधी तुमच्या नातवाकडून, यशवर्धनकडून पुसून घे. पहिली सहा मिनिटं विहीणबाईंबद्दल आहेत. ती ऐकलीस तरी हरकत नाही, तुलाही पटतील. उरलेली दोन मात्र न ऐकताच पुसावीस.