एक मूल, एक वर्ष

३ फेब्रुवारी

अभ्यासक्रम समितीची तिसरी बैठक. निष्पन्न काय — बिस्किटं मऊ पडली होती!

काम म्हटलं तर सरळ. विशेष शिक्षक घडवणारा आमचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जुना झालाय, तो नव्याने बांधायचा. पण आमच्या अधिष्ठात्यांना बांधण्यात रस नाही, कापण्यात आहे. मनातल्या मनात मी त्यांना कात्री म्हणते. एक दिवस तोंडातून निसटणार आहे.

आज कात्री थेट माझ्या गळ्याशी आली. ‘एक मूल, एक वर्ष’ — दुसऱ्या वर्षी आमचा प्रत्येक विद्यार्थी जोडशाळेत, म्हणजे विभागाला जोडलेल्या विशेष मुलांच्या शाळेत, एकाच मुलाला वर्षभर शिकवतो. हा नियम माझा. विभागाचं नाव झालं ते त्यावर.

‘‘बाई, एका मुलावर अख्खं वर्ष म्हणजे चैन आहे. सहा आठवडे पुरे.’’

‘‘सहा आठवड्यांत मूल नुसतं मान वर करून बघायला लागतं, सर.’’

‘‘मग बघितलं ना? झालं की!’’

१० फेब्रुवारी

संगणकवाल्या सरांनी तोडगा काढलाय. मुलांच्या चित्रफिती करायच्या आणि विद्यार्थ्यांनी त्या वर्गात बसून बघायच्या. ‘‘हवं तिथे मूल थांबवता येतं, मागे नेता येतं!’’ — अगदी हेच शब्द.

मी विचारलं, ‘‘आणि चावलं तर?’’

‘‘कोण?’’

‘‘मूल, सर.’’

११ फेब्रुवारी

मसुद्यातून ‘सर्वसमावेशक दृष्टिकोन’ सगळीकडून खोडला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी परत घातला!

२ मार्च

मतदान झालं. एका मताने जिंकले. वर्ष राहिलं. आणि तरीही घरी आले ती धुमसत.

समितीवर पालकांच्या वतीने एक दंतवैद्य बाई आहेत. त्यांचा मुलगा जोडशाळेत. नऊ वर्षांचा, बोलत नाही, खुशीत असला की गुणगुणतो — म्हणून घरीदारी सगळ्यांचा भुंगा. चार वर्षं आमच्याच विद्यार्थिनी, दर वर्षी एक नवी मुलगी, त्याला शिकवतायत. वर्गशिक्षिका आहे, पण तिच्या पदरात आणखी दहाबारा पोरं. तेव्हा बाईंचं मत मी गृहीतच धरलं होतं. त्यांनी हात वर केला तो कात्रीच्या बाजूने! वर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोरल्या बहिणीने दारातच हटकलं. ‘‘जिंकलीस म्हणतेस, मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?’’

‘‘घरचंच माणूस फिरलं, ताई.’’

‘‘ती तुझ्या घरची कधी झाली, धाकटे? पोर तिचं आहे.’’

ताईला काय कळतंय यातलं.

२९ एप्रिल

जोडशाळेचा शेवटचा दिवस. फुलं, भाषणं, रडारड. भुंग्याला यंदा शिकवत होती ती लांब वेणीवाली, आमच्या वर्गातली सर्वांत हुशार. हुंदके आवरेनात तिला. आणि भुंगा तिच्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळून शेजारी उभा! वर्षापूर्वी कुणाला जवळ येऊ देत नव्हता. कात्रीला मी मुद्दाम नेलं होतं. डोळे पुसत म्हणाले, ‘‘मानलं, बाई.’’

खरी जिंकले ती आज.

निघताना दंतवैद्य बाई भेटल्या. राहवलं नाही, विचारलंच — ‘‘तुम्हाला हे दिसत नाही का हो?’’

‘‘दिसतं ना. तुम्ही दर वर्षी निरोपाला येता. एकदा शाळा उघडते त्या दिवशी या.’’

खोचक बाई!

१५ जून

प्रवेशांची झुंबड होती. तरी गेले. खरं तर दंतवैद्य बाईंना खोटं पाडायला.

नवी मुलगी वेळेआधीच खुर्चीत बसली होती. चित्रांची कार्डं नीट मांडून, केस मागे बांधून. भुंगा आला आणि टेबलापाशी थबकला. मग तिच्या पाठीमागे जाऊन बघितलं. कपाटामागे बघितलं. पडदा सरकवला. हात धुवायच्या जागेपर्यंत जाऊन आला. मग नव्या मुलीचं मनगट धरलं, शांतपणे तिला दाराबाहेर नेऊन सोडलं, दार लावलं, आणि रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसला. वाट बघत.

मी काचेतून बघत होते. बाई शेजारी होत्या.

‘‘पहिल्या वर्षी महिनाभर शोधलं त्याने. दर वर्षी वाढतंय. गेल्या खेपेला अर्धं वर्ष गेलं यात. तेवढ्यात चमचा धरणं जातं, बोट दाखवणं जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या मुली फार चांगल्या आहेत हो! वाईट असत्या तर बरं झालं असतं.’’

‘‘म्हणून तुम्ही सहा आठवडे —’’

‘‘तेवढ्यात जीव तरी लागत नाही.’’

‘‘बैठकीत का बोलला नाहीत?’’

‘‘तो तुमच्याच शाळेत शिकत असताना, त्याच्या शिक्षिकांबद्दल? बाई, मी दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते. स्वतःचं उघडणं निराळं.’’

दारावर आतून थाप पडली. आम्ही दोघी वळलो. त्याला पाणी हवं होतं. नव्या मुलीने आणलेलं त्याने घेतलं नाही.

१६ जून

ठराव मागे घेतेय, असं कात्रीला फोनवर सांगितलं.

‘‘अहो, तुम्ही जिंकलात ना! आता काय, सहा आठवडे?’’

‘‘तेही नाही.’’

‘‘मग त्या जागी लिहायचं काय?’’

‘‘आपली मुलगी निघून गेल्यावर मुलाचं काय, ते.’’

‘‘पण बाई, ते कुणी शिकवायचं?’’

चिडणारच होते. पण इतक्या महिन्यांतला पहिला कामाचा प्रश्न होता तो. मसुद्यात त्या जागी तोच लिहून ठेवला.