फक्त जीव राहिलाय

बाबा,

आई आता तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. तिचे गुडघे धरतात, कमी ऐकू येतं, पण माझ्या हातचं वरण अजून तिच्या पसंतीला उतरत नाही. मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. तुम्ही ऐकलं असतं तर हसला असता, कारण माझी गाय गाढवासारखी दिसायची आणि तुम्ही तसं तोंडावर सांगायचात. गोड बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही. "म्हणून तर याचं मेलेल्या माणसांशी बरं जमतं, ती उलट बोलत नाहीत," असं आत्या म्हणायची.

सदर बाजारातल्या तुमच्या दुकानाच्या खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरलेला असायचा. लोक बोटाएवढा फोटो आणायचे आणि त्यावरून तुम्ही त्यांच्या गेलेल्या माणसाचं मोठं तैलचित्र काढून द्यायचात, हार घालायला. डोळ्यांतला उजेडाचा पांढरा ठिपका तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवायचात. त्या ठिपक्याला तुम्ही 'जीव' म्हणायचात. एकदा पाटनकडचा एक मालगुजार, मोठा जमीनदार, आपल्या आईचं चित्र परत घेऊन आला. "माँ की आँखें पूरे घर में पीछे-पीछे आती हैं, भैया. बच्चे डरते हैं." तुम्ही दोन्ही ठिपके काळ्या रंगाने बुजवून दिलेत. मग ही गोष्ट पसरली आणि गिऱ्हाईकच आधी बजावू लागलं, जीव ठेवू नका. एक दिवस जेवताना तुम्ही घास तसाच हातात धरून म्हणालात, "बिनजिवाचे डोळे काढून काढून माझा हात मेला. एक तरी चित्र समोर बसलेल्या माणसाचं काढायचं आहे मला. नाही तर जन्मभर केलं काय मी?"

त्याच साली तो ताप आला. लोक त्याला मानमोडी म्हणत, आणि नाव अगदी बरोबर होतं. आधी लष्कराच्या छावणीत, मग आपल्या घमापुरात. तुमच्याकडे कामाची रीघ लागली. फोटो नसलेलेही यायचे. नाक माझ्यासारखं काढा, कपाळ काकांसारखं, म्हणायचे आणि रडायचे. आणि अशा दिवसांत तुम्ही आईला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसवलंत.

"अरे, जित्या माणसाचं चित्र काढून राहिला काहून तू?" आत्या म्हणते. "भिंत रिकामी दिसून राहिली का तुला?"

"हारासाठी नाही काढून राहिलो, ताई."

आई मेथी निवडते आहे. मी दारात उभी आहे. रस्त्यावरून 'राम नाम सत्य है' ऐकू येतं, तुम्ही ब्रश वर उचलून थांबता, आवाज पुढे गेला की पुन्हा टेकवता. आई मान हलवत नाही. मला भीती वाटत होती, बाबा. पण त्या कापडावर आई अशी उमटत चालली होती की माझा पाय तिथून निघत नव्हता.

मग तो दिवस. आत्याने वैतागून विचारलं, "झालं का रे एकदाचं?" आणि तुम्ही ब्रश पुसता पुसता, दुकानातल्या सवयीने, म्हणून गेलात, "झालं सगळं. फक्त जीव राहिलाय."

आत्याच्या हातातलं ताट खाली पडलं. आपण काय बोललो ते तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही "ठिपका गं, ताई, ठिपका" म्हणत राहिलात. पण तोंडून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी आई तापाने फणफणली. आत्याने चित्रावर चादर टाकली आणि पुढे उभी राहिली. "आता हात लावशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." तुम्ही हात लावला नाही. नुसते त्या चादरीकडे बघत बसलात. शेवटी खाटेवरून आईच बोलली, "अहो, इतके दिवस बसवलंत ना मला? मग पुरं करा. बिनजिवाची नका ठेवू मला." आत्या रडत बाहेर गेली. तुम्ही चादर काढलीत. ब्रशच्या टोकावर पांढरा रंग घेतलात. ठिपके ठेवलेत, आणि अंथरुणातली आई आणि चित्रातली आई, यातली खरी कोणती ते मला घटकाभर कळेना.

आई उठली. तुम्ही पडलात, आणि गेलात. "त्यानं आपलाच जीव ठेवला तिथं," असं आत्या शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी हे मानत नाही. तापाने घरोघरची माणसं नेली, त्यांनी कुठे चित्रं काढली होती? तरीही मुलींना डोळे शिकवताना मी पांढरा रंग हातात घेऊ देत नाही, तेवढा कागद कोरा सोडा म्हणते. मीही चित्रं काढली, बाबा, पुष्कळ काढली. चांगली आहेत. कुणाच्या घरातली पोरं त्यांना भीत नाहीत, यातच काय ते समजा.

परवा आई त्या चित्रावरची धूळ पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "खरं सांग. हे चित्र देऊन तुझे बाबा परत आले असते, तर दिलं असतंस तू?"

"हे काय विचारणं झालं, आई? दिलंच असतं."

"अच्छा," म्हणाली, आणि फडकं झटकायला अंगणात गेली.

हे पत्र पाठवायचं कुठे ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी पाठवलं नसतं. आईला उत्तर देण्याआधी मी एकदा चित्राकडे पाहून घेतलं होतं, आणि ते तिला दिसलं.