शेपटाच्या चरबीची सोयरीक

१० सप्टेंबर, रविवार

बीपी एकशे साठ–पंच्याण्णव. खाल्लं: मटण, कणकेचे तळलेले बोर्सोक, कुरुतच्या – वाळवलेल्या खारट दह्याच्या – दोन गोळ्या. (नर्सला एकच सांग.)

नर्सने ही वही दिली ती रोज काय खाल्लं ते लिहायला. पण आज काय घशाखाली उतरलं नाही, तेच मोठं आहे. नातीबाई बेगिमाय, नीट लिही. मला अक्षर येत नाही – शाळेचा मास्तर दिसला की बाप मला मेंढरांमागे वरच्या कुरणात पिटाळायचा – म्हणून तू कमी लिहिशील आणि मला कळणार नाही, असं समजू नकोस. ओळी मोजता येतात मला!

तर. अदिलेतच्या घरची माणसं आज आमच्या बेगिमायच्या कानात झुमके घालायला आली. पोराचा बाप तोक्तोसून. बिश्केकला कुस्ती शिकवतो, दारातून अंग आडवं करून आत यावं लागलं त्याला. बरोबर त्याची मोठी बहीण बुरमा. ती बोलते आणि बाकीचे माना हलवतात, असा कारभार.

मेंढा चांगला कापला होता. शेपूट – आमच्या मेंढ्यांचं ते नुसतं चरबीचंच असतं – ताटभर, पांढरंशुभ्र. रीतीप्रमाणे घरातली सगळ्यात वडील बाई म्हणून मी चरबी आणि कलेजी चिरली, वर ताक घातलं, आणि घास घेऊन व्याह्याच्या तोंडापाशी हात नेला. हा घास गिळला की सोयरीक पक्की. न गिळला की नाही. मधलं काही नसतं.

तोक्तोसूनने तोंड मिटून घेतलं!

"पोट बरं नाही, आपा." घास हातात घेतला, कलेजी तेवढी खाल्ली, चरबी ताटाच्या कडेला सारली.

बुरमाने त्याला चिमटा काढला, तो मी पाहिला. "अरे, एवढ्या देहात एक घास मावत नाही तुझ्या?" तो नुसता कपाळ पुसत बसला.

माझा मुलगा ताशबोलोत, बेगिमायचा बाप, उठून उभा राहिला. "मुलगी पसंत नसेल तर तोंडाने सांगावं, ताटाने कशाला सांगायचं!" मग काय. ते उठले. झुमके रुमालात आले होते, रुमालातच गेले.

बेगिमाय हे लिहिते आहे आणि नाक ओढते आहे. कागद भिजवू नकोस, नर्सला वाटेल मी रस्सा सांडला.

११ सप्टेंबर

घरात कोणी जेवलं नाही. नर्स खूश होईल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

बीपी एकशे पन्नास–नव्वद. ओटची लापशी. भिंतीला लावायचा चुना असाच असतो.

बातमी डोंगरापलीकडे गेली, समुद्रापलीकडेही गेली. सकाळपासून तीन देशांतून फोन.

थोरली नात सोलहून. तिथे ती कारखान्यात आहे. "आजी, इथे लोक चरबी कात्रीने कापून बाजूला टाकतात. ताटाशेजारी पाला ठेवलेला असतो, त्यात गुंडाळून खातात. कुणाला राग येत नाही." म्हटलं, बाई, तिथे ताटातल्या चरबीवर कुणाचं लग्न अडलेलं नसतं.

मॉस्कोहून धाकटा मुलगा. बायको त्याला लोण्याशिवाय खिचडी घालते. "आई, तीन महिन्यांत अकरा किलो उतरलो!" मी म्हटलं, तुला घडवायला मला बारा वर्षं लागली आणि तिने तीन महिन्यांत उतरवलास?

शिकागोहून नातू. तो ट्रक हाकतो. तो तर हसतच सुटला. "आजी, कालपर्यंत इथे चरबी म्हणजे विष होतं. आता एक जण म्हणतो, चरबी खा, भाकरी सोडा. दुसरा म्हणतो, फक्त पालाच खा. आणि आपलं कुरुत! दुकानात सुंदर पुडीत! वर लिहिलंय – ताकदीचा खाऊ."

फोन ठेवला आणि चहा ओतून घेतला.

मी लहान असताना हिवाळाभर भाजलेल्या जवाचं पीठ खायचो. तल्कान. पाण्यात कालवून. ज्याच्या घरी चरबी त्याच्या घरी इज्जत. जाड सून आली की गाव बघायला यायचं! लग्नात पहिल्यांदा मला शेपटाची चरबी मिळाली, तर मी घास गालात धरून ठेवला होता – संपू नये म्हणून. आता बिश्केकला तेच तल्कान कागदी पिशवीत विकतात आणि गोऱ्यापान बायका ते विकत घेतात. आम्ही गरिबीने खाल्लं ते आता लोक ऐपतीने खातात.

चरबी वाईट नव्हती. ती खाऊन आम्ही दिवसभर घोड्यावर असायचो. आता घोडा विकला आणि चरबी ठेवली, हे चुकलं असेल.

हे नर्सच्या कानावर घालू नकोस. तिला वाटेल तिचंच खरं झालं.

१८ सप्टेंबर, सोमवार

अदिलेत आला!

एकटा, बिश्केकहून गाडीने पाच तास. ताशबोलोतने फाटकातूनच परत जायला सांगितलं. पोरगा गेला नाही. फाटकाबाहेर दगडावर बसला. शेवटी मी काठी घेऊन बाहेर गेले. ताशबोलोत म्हणाला, "आई, मार त्याला." म्हटलं, हो, मारते.

शेजारी बसले. "काय रे, तुझ्या बापाला आमचा मेंढा म्हातारा वाटला का?"

पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला, "आजी, वसंतात त्यांच्या छातीत कळ आली होती. दोन नळ्यांत जाळी बसवली आहे. डॉक्टरांनी शेपटाची चरबी तर डोळ्यानेही बघू नका म्हणून सांगितलंय. घरात फक्त आईला आणि मला माहीत आहे. आत्यालाही नाही."

"मग त्या दिवशी सांगायला काय जीभ आखडली होती?"

"ते म्हणाले, आजारी माणसाच्या घरात मुलगी कोण देतं?"

बघा आता. तो म्हणतो आजार कळला तर हे मुलगी देणार नाहीत. आम्ही म्हणतो चरबी सारली म्हणजे त्यांना मुलगी नको. दोन्ही घरं एकाच भीतीने दोन दिशांना पळाली.

मी त्याला आत नेला, चहा दिला. ताशबोलोतने विचारलं, "मारलंस?" म्हटलं, खूप. बघ, चालता येत नाही म्हणून आत आणला.

१९ सप्टेंबर

ताशबोलोतला सगळं सांगितलं. तो निवला. पण काय म्हणतो? "मग हरकत नाही, आई. बोलाव त्यांना परत. एवढासा घास तर खाईल! एका घासाने कुणी मरत नाही. न खाता सोयरीक झाली तर बुरमाच सगळ्या खोऱ्यात सांगत फिरेल – चरबीशिवायची सून म्हणून."

आणि तोक्तोसूननेही अदिलेतबरोबर निरोप पाठवलाय. पोरासाठी खाईन म्हणाला.

एका घासाने कुणी मरत नाही.

बेगिमाय, हे पान नर्सला दाखवायचं नाही. इथून पुढचं फक्त वहीला.

आमचे म्हातारे – नाव मी घेत नाही, चाळीस वर्षं घेतलं नाही, आता कशाला – त्यांनाही छातीचंच होतं. तुझ्या थोरल्या भावाच्या सोयरिकीच्या दिवशी व्याह्यांनी चरबीचा घास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसतं 'नको' म्हणाले असते तरी पुरलं असतं. माणसं बघत होती. मी मान हलवली – खा म्हणून. पाचव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, त्या घासाने नाही गेले, आधीच खूप झालं होतं. असेल. डॉक्टर शिकलेला आहे. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, ते डॉक्टरने कुठे पाहिलं?

हात का थांबला? लिही. रडायचं असेल तर ओळ संपव आणि मग रड.

माझ्या हाताने दुसऱ्या कुणाच्या बापाला मी तो घास देणार नाही. आणि बेगिमायची सोयरीकही मोडू देणार नाही. हे दोन्ही कसं जमवायचं ते अजून माहीत नाही. पण नर्स म्हणते ना, विचार केला की बीपी वाढतं – आज बीपी मोजूच नकोस.

२३ सप्टेंबर

सकाळी भाजीच्या वाफ्यात सलगम उपटले. थंडी लवकर आलीय, मोठे झालेत. एक सोलून सुरीने कापला. पांढरा. ओला. किंचित पारदर्शक.

पाटावर पडलेल्या फोडीकडे बघत बसले. मग हसूच आवरेना. सुनेला वाटलं, झटका आला.

२५ सप्टेंबर

पहिली खटपट: पाण्यात उकडले. सलगमचाच वास.

२७ सप्टेंबर

दुसरी: मटणाच्या रश्श्यात. आधी रस्सा रात्रभर थंड ठेवला, वर जमलेला चरबीचा थर पापडासारखा उचलून कुत्र्याला घातला, मग खालच्या रश्श्यात सलगम मंद शिजवले. बेगिमायला डोळे मिटायला लावून घास भरवला. ती म्हणाली, "आजी, मला कळतंय. पण मला माहीत आहे म्हणून कळतंय."

खोट्या चरबीवर खरी सोयरीक होते का? पोरीने विचारलं. तिला त्याचीच भीती वाटते. मी म्हटलं, घास म्हणजे काय? माझ्या घरातलं सगळ्यात चांगलं मी तुझ्या तोंडात घालते, हेच ना? मग त्या माणसासाठी माझ्या घरात चरबी चांगली की सलगम चांगला?

ती सलगम चिरायला बसली.

ताशबोलोतला सांगितलेलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

३० सप्टेंबर, शनिवार

बीपी – असू दे.

आले. तोक्तोसून अंग आडवं करून आत आला, रंग राखेसारखा. बुरमा मांडी घालून बसली आणि पहिलंच वाक्य: "या वेळी मीच बघणार हं, आपा, कोण काय गिळतं ते."

ताट आणलं. कलेजी खरी, ताक खरं, बाकी माझ्या वाफ्यातलं.

घास घेतला. तोक्तोसूनने बायकोकडे बघितलं. ती ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. मग त्याने डोळे मिटले – असे मिटले, जसे इंजेक्शनाला मिटतात – आणि तोंड उघडलं.

घातला.

चावायला लागला. मग चावणं थांबलं. एक डोळा उघडला. त्या एका डोळ्याने त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी मी मान हलवली ती न घाबरता.

त्याच्या तोंडावर हळूहळू रंग चढला. गिळला. हात जोरात मांडीवर मारला. "काय चरबी आहे, आपा! तोंडात विरघळली! बिश्केकला अशी मिळत नाही!"

"मिळणार कशी," मी म्हटलं, "आमच्या मेंढ्याला मी स्वतः पाणी घातलं होतं."

मग रीतीप्रमाणे त्यांच्याकडच्या एकेकाला घास. बुरमाला मी जरा मोठा दिला, म्हणजे तोंड बंद राहावं. तिने बराच वेळ चावला. फार बराच वेळ! बेगिमाय दारात उभी राहून तिचा जबडा बघत होती. बुरमाने गिळलं, ओठ पुसले, आणि म्हणाली, "छान. जुन्या वळणाची चरबी."

झुमके घातले. बेगिमायच्या कानात ते हलतात तेव्हा आवाज येतो. आत्ताही येतोय.

ताशबोलोत संध्याकाळी कौतुकाने म्हणाला, "बघ आई! खाल्ली की नाही त्याने चरबी? मी म्हणालो होतो, एका घासाने काही होत नाही." म्हटलं, तू म्हणालास ते अगदी खरं. अशा घासाने काही होत नाही.

१ ऑक्टोबर

बीपी एकशे तीस–पंच्याऐंशी. नर्स विचारते, काय खाल्लं? सलगम. दोन वाट्या. उरला होता.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बुरमाचा फोन. आधी गुरांची चौकशी, मग हवेची, मग आवाज एकदम खाली. "आपा, साठ वर्षं चरबी खाल्लीय मी. दातांना ओळखता येत नाही असं वाटलं का तुम्हाला?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "वीस तारखेला माझ्या धाकट्याची सोयरीक आहे. आमचे म्हातारे पण गोळ्या खातात, कुणाला सांगू नका. मुलीच्या आईला मी गुपचूप कळवते. ते सलगम रश्श्यात किती वेळ ठेवायचे?"